पांढुर्ण्याची बसकी गाडी

गॅरेजात येणारा माणूस गाडी घेऊन जातो, किस्सा ठेवून जातो. पांढुर्ण्यात नागपूर रोडवर बबनचं गॅरेज आहे आणि त्याला लागूनच माझं सीट कव्हरचं दुकान. त्यामुळे त्याच्याकडे साठलेले किस्से आपोआप माझ्याकडे सरकतात. काही तर असे पडून आहेत की कोणी न्यायलाच येत नाही! पण अलीकडचे सगळ्यात भारी किस्से एकाच गाडीचे आहेत. प्रफुल्लच्या लाल गाडीचे.

*

प्रफुल्ल म्हणजे तिगावच्या डोमाजी काकांचा मुलगा. काकांची संत्र्याची बाग, आणि पोरगा पुण्याला इंजिनिअर. एक दिवस तो नोकरी सोडून आला. "आता बागच पाहतो," म्हणाला. आला तो लाल स्पोर्ट्स कार घेऊन. सेकंडहँड होती, पण अशी चकाकत होती की माझ्या दुकानातली गिऱ्हाईकं उठून बाहेर गेली.

बबनला दाखवायला आणली तेव्हा सोबत काका होते. गाडीभोवती एक फेरी मारली त्यांनी.

"दरवाजे दोनच?"

"स्पोर्ट्स कार आहे बाबा."

"अन् माणसं किती बसतात?"

"पुढं दोन. मागं दोन, पण जरा आकसून."

"संत्र्याचं एखादं कॅरेट?"

प्रफुल्ल बाहीनं आरसा पुसायला लागला.

काका आमच्याकडे वळले. "पाहा बे! नोकरी सोडली संत्र्यासाठी, अन् गाडी आणली अशी का तिच्यात संत्रं नाही मावत!"

*

प्रफुल्लची तक्रार वेगळीच होती. चाक आणि मडगार्ड यांच्यात फट होती. अख्खी मूठ जाईल एवढी.

"बबनभाऊ, बाकी सगळं मस्त आहे. पण या फटीमुळं गाडी कशी दिसते, सांगू? नाला ओलांडताना माणूस धोतर वर धरते ना, तशी! हिला खाली बसवायची आहे."

"कायले?" काकांनी विचारलं.

"दिसायले."

"दिसायले!" काका एवढंच म्हणाले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

बबननं गाडीखाली डोकं घालून पाहिलं. "करून देतो. पण स्प्रिंग कापणार नाही. बरोबर मापाच्या बुटक्या स्प्रिंगा मागवू, त्याले जुळणारे शॉकअप मागवू. वेळ लागन."

*

स्प्रिंग कापायला बबन का तयार होत नाही, त्याचा एक जुना किस्सा आहे. लोधीखेड्याच्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं घाईघाईत कुठूनतरी आपल्या गाडीच्या स्प्रिंगा कापून घेतल्या होत्या. गाडी खाली बसली, छान दिसली. पण रस्त्यावर साधा खडा आला तरी टणकन उडायची! एकदा तो सासूबाईंना स्टेशनवरून आणायला गेला आणि परत येताना बबनच्या दारात थांबला. म्हणाला, "बबनभाऊ, पाहा ना, थोडी कडक झाली."

मागचा दरवाजा उघडून सासूबाई उतरल्या. अंबाडा सुटलेला, चष्मा तिरपा. जमीन हलत नाही ना, याची आधी पावलानं खात्री करून घेतली. मग शांतपणे म्हणाल्या,

"जावईबापू, पुढच्या टायमाले बैलगाडी पाठवा. तिच्यात निदान स्प्रिंगा तरी नसतात!"

*

स्प्रिंगा आल्या. बबननं सकाळपासून काम धरलं. जुन्या काढल्या, नव्या बसवल्या, चाकं लावली, आणि संध्याकाळी जॅक खाली घेतला.

बघायला चौकातली मंडळी जमली होती. चहावाला, समोरचा पानवाला, बसची वाट पाहणारी माणसं. गाडी खाली आली आणि... फट होती तेवढीच! प्रफुल्लचा चेहरा पडला. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "चला, पिक्चर संपला."

बबन हसला. "थांब ना लेका. ती अजून आखडून उभी आहे. जरा ढकला तिले."

आम्ही चार जणांनी गाडी पुढे लोटली, मग मागे, मग परत पुढे. आणि आमच्या हातांखाली ती हळूहळू खाली गेली. आवाज नाही, काही नाही. म्हैस पाण्यात बसते ना, तशी. मडगार्डची कड टायरच्या डोक्यापर्यंत आली आणि तिथं थांबली.

मी इतकी वर्षं गाड्यांच्या शेजारी बसलोय, पण असं कधी पाहिलं नाही. रंग तोच, काच तीच, चाकं तीच. फक्त चार बोटं खाली, आणि गाडी दुसरीच! वाघ उडी घ्यायच्या आधी जसा दबतो, तशी ती चौकात दबून बसली होती. पानवाल्यानं पान लावायचं थांबवलं. बस आली, हॉर्न वाजला, आणि एकही माणूस चढला नाही!

सगळ्यांच्या मागे डोमाजी काका उभे होते. कोणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले,

"आता ते मडगार्ड चाकाले शोभून राहिलं."

*

काकांची थोरली बहीण, पार्वती आत्या, त्यांच्याकडेच राहते. डोळ्यांनी दिसत नाही. अंगणात गाडी आली तेव्हा शेजारपाजारचे सगळे "बापरे, बापरे" करत होते. आत्या म्हणाली, "मलेही दाखवा ना."

प्रफुल्लनं तिचा हात मागच्या दिव्यावर ठेवला. तिथून ती एकटीच निघाली. तळवा छतावरून, दारावरून, मग खाली चाकावरच्या गोलाईवरून सरकत गेला. वाकत वाकत ती गाडीच्या नाकापर्यंत पोहोचली आणि एकदम हात काढून घेतला.

"अरे, थांबव ना तिले!"

"आत्या, गाडी उभीच आहे. चावी माझ्या खिशात आहे."

"खोटं नको बोलू. हाताखालून धावून राहिली ते!"

प्रफुल्लनं चावी तिच्या हातात दिली, तेव्हा कुठं तिचा विश्वास बसला. पण पुढं कितीतरी दिवस अंगणातून जाताना ती गाडीपासून जरा लांबूनच चालायची.

*

बसकी गाडी देखणी असते, पण ब्रेकर आला की तिचा जीव जातो. प्रफुल्लसाठी सौसरला मुलगी पाहायला निघालो तेव्हाची गोष्ट. पुढं प्रफुल्ल आणि काका. मागं काकू आणि मी, गुडघे हनुवटीला लावून! मुलीच्या घरासमोरच पालिकेनं असा ब्रेकर घातला होता की ट्रॅक्टरही दम घेईल. एवढं वजन घेऊन गेलो असतो तर गाडीचं पोट घासलं असतं.

"बाबा, उतरावं लागन."

"पाहुण्यांच्या दारात?"

"दोनच मिनटं."

नवीन टोपी घातलेले काका उतरले. पदर सावरत काकू उतरल्या. मला तर तिथल्या टपरीवरच्या चहावाल्यानं ओढून काढलं. आम्ही ब्रेकर पायी ओलांडला, गाडी मागून रिकामी, तिरपी, मुंगीच्या पावलांनी आली, आणि आम्ही परत बसलो. पुढच्याच दारात उतरायला! मान वर केली तर गच्चीवर मुलगी उभी. तिनं सगळं पाहिलं होतं. काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या, "झालं! आता चहासुद्धा नाही भेटत."

मुलगी पल्लवी, शाळेत गणित शिकवते. कांदेपोहे झाले, आणि तिचे वडील म्हणाले, "काही विचारायचं असन तर विचार बेटा."

तिनं सरळ विचारलं, "लग्नानंतर ब्रेकर आला, तर मलाही उतरवाल का?"

प्रफुल्लनं खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली.

"नाही. तुम्ही चालवाल. मी उतरन."

ती उठली, चावी उचलली, आणि खरंच बाहेर गेली! अख्खी गल्ली दारात आली. तिनं गाडी वळवली, ब्रेकरवर तिरपी घातली, एकेक चाक असं चढवलं आणि असं उतरवलं की कुठं साधा खर्र आवाज नाही. मागून प्रफुल्ल पायी चालत होता, तोंड उघडं.

काका माझ्या कानाशी आले. "याले सांग, आता घरी जाऊन विचार करू गिचार करू, असं नको म्हणू."

*

लग्नानंतर गाडीनं बागेचं दर्शन घ्यायचं ठरलं. पण तिगावहून बागेकडे जाणारी पांदण म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मधे गवताचा उंचवटा. लाल गाडी तोंडावरच अडकली. त्या रस्त्याबद्दल गावानं किती बैठका घेतल्या होत्या, किती भांडणं केली होती! ज्याची त्याची जमीन, जो तो हटून.

काकांनी कोणालाच काही विचारलं नाही. ट्रॅक्टरला पाटा लावला आणि पांदण तासायला घेतली. आधी आपल्या बाजूची. शेजारी धावत आला.

"काय करून राहिले डोमाजी?"

"सुनेची गाडी अडकली."

शेजाऱ्यानं पांदणीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या त्या लाल, दबलेल्या गाडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग घरी गेला आणि आपला ट्रॅक्टर घेऊन आला! त्याच्या मागून तिसरा आला मुरूम टाकायला. संध्याकाळी पल्लवी पहिल्या गिअरमध्ये बागेपर्यंत गेली, आणि दोन्ही बाजूंना माणसं अशी उभी होती जशी नवरदेवाची वरात पाहतात.

आता त्या पांदणीनं शाळेची गाडीसुद्धा जाते.

*

आणि हा यंदाचा. संत्र्याची तोड सुरू होती म्हणून मी आणि बबन बागेत जेवायला गेलो होतो. मधे टिनाचं शेड, तिथं आम्ही. एका टोकाला फाटकाजवळ गाडी उभी, तिच्यापाशी प्रफुल्ल. दुसऱ्या टोकाला तोडलेल्या संत्र्यांचा ढीग, वर्षभराची कमाई, ट्रकची वाट पाहत पडलेली. तिथं डोमाजी काका.

आभाळ एकाएकी काळं झालं. टिनावर पहिली गार पडली ती बंदुकीसारखी वाजली. मग सुरूच.

प्रफुल्लनं डिकीतून गाडीचं जाड कव्हर ओढून काढलं. बबन ओरडला, "टाक लवकर, टाक!" पण तो गाडीकडे वळलाच नाही. कव्हर छातीशी धरून झाडांच्या ओळीतून ढिगाकडे धावत सुटला.

मी ढिगाकडे पाहिलं. काका तिथं नव्हते. ढिगावर टाकायची ताडपत्री खांद्यावर घेऊन ते पलीकडच्या ओळीतून गाडीकडे धावत होते. चप्पल एकीकडे, टोपी एकीकडे. मधे झाडं होती. बाप-लेक एकमेकांच्या बाजूनं निघून गेले, आणि दोघांनाही दिसलं नाही.

आम्ही शेडात उभे होतो आणि आम्हाला दोन्हीकडचं दिसत होतं. प्रफुल्ल कव्हराचं टोक पोटाखाली दाबून ढिगावर पालथा पडला होता. काका ताडपत्रीचे कोपरे धरून गाडीवर वाकले होते.

गारा थांबल्या. जमीन पांढरी झाली होती. दोघं दोन्हीकडून चालत आले आणि शेडासमोर समोरासमोर उभे राहिले.

"संत्री?" काकांनी विचारलं.

"झाकली. गाडी?"

"झाकली."

दोघांच्याही डोक्यावर टेंगळं आली होती.