केवळरामचे पाच भयानक

केवळराम मला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याला धड नव्हतं. १९९९ सालचा जून, बाराचा खेळ. भर उन्हातून मी गोंदियाच्या टॉकीजच्या अंधारात शिरलो आणि समोरून हवेत तरंगत एक नुसतं मुंडकं आलं. डोळ्यांच्या जागी दोन खड्डे, गालांची हाडं वर आलेली, मिशा दोन्ही बाजूंच्या भिंतींना टेकलेल्या. मुंडकं म्हणालं, "तिकीट." मी तिकीट दिलं, घड्याळ दिलं, पाकीट दिलं आणि सासऱ्याने दिलेली अंगठी बोटातून निघेना म्हणून बोटच द्यायच्या बेतात होतो, एवढ्यात मुंडक्याने हनुवटीखालची टॉर्च खाली केली आणि त्याला खाकी शर्ट फुटला.

"तिकीटच पाह्यजे होतं बाबूजी," तो म्हणाला. "बाकी घ्या वापस."

तोवर मी भुताचे चाळीस सिनेमे पाहिले होते. लाखो रुपयांचा मेकअप करून एकाही भुताला जे जमलं नव्हतं ते या माणसाला एका टॉर्चवर जमलं. माझं जळणं तिथेच सुरू झालं.

केवळराम टॉकीजचा डोअरकीपर. रोज कामठ्याहून सायकलने यायचा, तिकिटं फाडायचा, उशिरा आलेल्यांना खुर्ची दाखवायचा. माणूस इतका गरीब की घरची म्हैस जरा मान हलवायला लागली तरी बायकोला, रुख्माला, हाक मारायचा. पण ३१ डिसेंबरला हाच माणूस गोंदियाचा राजा व्हायचा. त्या दिवशी 'आगामी आकर्षण'च्या काचपेटीत एका जुन्या पोस्टरची पाठ लागायची आणि तिच्यावर निळ्या रंगात केवळरामच्या हातचं लिहिलेलं असायचं: 'या सालचे पाच भयानक'. काच पुसायला दुसरं कोणी तयार नसल्यामुळे टॉकीजचे मालक नंदलालशेठ यांनी पेटीची चावी त्यालाच देऊन टाकली होती.

यादीत सिनेमाचं नाव नसायचंच. '१. पाळण्यातल्या म्हातारीवाला. इंटरवलमध्ये मुतारीत एकटं कोणी गेलं नाही. २. बाहुलीच्या पोटातल्या मावशीवाला. दोन बायका दुसऱ्याच माणसाच्या गळ्यात पडल्या. ३. गढीवाला. भुतापेक्षा हिरो भेसूर, पण समोसे उरले.' लोक वहीत उतरवून न्यायचे. सीडीवाले डबीवर 'केवळराम पास' अशी चिठ्ठी लावायचे. नवीन लग्न झालेले नवरे तर पहिल्या नंबरचा सिनेमा पुन्हा लागायची वाट पाहायचे.

आणि मी? मी पाटबंधारे खात्यातला बाबू. भुताचा प्रत्येक सिनेमा पहिल्या शुक्रवारी, सहाव्या रांगेत, मांडीवर वही घेऊन पाहणारा. माझीही यादी असे. ऑफिसच्या टाइपरायटरवर केलेली, कारणांसकट: पार्श्वसंगीत, प्रकाशयोजना, भुताचा हेतू. नंदलालशेठ म्हणाले, "पेटी में जगह नहीं है बाबूजी." म्हणून मी ती पेटीच्या खाली, भिंतीला खळीने चिकटवत असे. २००३ सालची यादी बकरीने खाल्ली. खाल्ली त्याचं काही नाही, पण तिसऱ्या नंबरपर्यंत येऊन तिनेही सोडून दिली.

घरीही तेच. "चल, नवीन लागला आहे, जबरदस्त आहे," असं मी म्हटलं की माझी बायको प्रेमिला भाजी निवडता निवडता म्हणे, "तुमच्या सांगण्यावर मी मागं तीन घंटे झोपून आली. आधी केवळरामभाऊले विचारून या." त्या पेटीत एकदा तरी, एकच वर्ष, माझी यादी लागावी, एवढंच मला आयुष्यात हवं होतं. बढतीसाठीही मी इतका झुरलो नाही.

२००६ साली माझं नशीब उघडलं. एका सिनेमात अगदी मोक्याच्या क्षणी माझी नजर दाराकडे गेली. केवळराम पडद्याकडे पाठ करून उभा होता. पुढच्या सिनेमाला मी पाळत ठेवली. तेव्हाही पाठ. त्याच्या पुढच्याला, तिकडे चेटकीण झाडावरून उलटी उतरत होती, सगळं थिएटर ओरडत होतं, आणि हा बहाद्दर ढुंकूनही बघत नव्हता. म्हणजे हा माणूस सिनेमा पाहतच नव्हता! दोन दिवस मी ऑफिसात शीळ घालत फायली हलवल्या. साहेबांना वाटलं, माझी बदली झाली.

३१ डिसेंबरची दुपार. यादी नुकतीच लागली होती, समोर तीसेक माणसं. मी गर्दीतून पुढे झालो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय केवळराम, त्या पाळण्यातल्या म्हातारीच्या हाताला बोटं किती होती?"

"मले का माहीत बाबूजी?" केवळराम म्हणाला. "मी त पाहतच नाही."

महिनाभर घासूनपुसून ठेवलेली माझी तोफ अशी फुस्स झाली. आरोपी इतक्या लवकर कबूल झाला की पुढचे प्रश्न माझ्या खिशातच राहिले.

"पाहत नाहीस? मग नंबर कसे देतोस?"

"मले भेव लागते न जी. म्हणून पाठ करून उभा राहतो आन् पब्लिककडे पाहून राहतो. पब्लिकच्या तोंडावर सारं दिसते."

आता लोक चिडतील, यादी फाडतील, अशा आशेने मी वळून पाहिलं. कँटीनवाला हेमेंद्र हातातली किटली खाली ठेवून म्हणाला, "क्या बात है! न पाहता एवढं बरोबर?" गर्दीतून दोघातिघांनी केवळरामच्या पाठीवर थाप मारली.

मी पुरता पेटलो. म्हणालो, "आणि पहिला नंबर? तोही तोंडं पाहूनच?"

केवळराम लाजला. "जाऊ द्या जी."

"सांग न गा!" गर्दी म्हणाली.

"पयला नंबर बाबूजी देतात."

"मी?"

"बाकी पब्लिक त कायलेही चिल्लावते. बाबूजी शिकलेला माणूस. लिहून राहतात, लिहून राहतात, मंग पेन्सिल थांबते. मंग चप्पल सुटते. मंग पाय खुर्चीवर. बाबूजीचे दोनी पाय वर गेले का मी समजतो, हा पयला."

"उंदीर होता!" मी ओरडलो.

"उंदीर त साऱ्याच सिनेमात असते जी. पाय याच सिनेमात काऊन वर गेले?"

हेमेंद्र हसता हसता किटलीवर बसला आणि भाजून उठला. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. सात वर्षं ज्या पहिल्या नंबरावर मी जळत होतो तो माझाच होता. पण झालं उलटंच. डोकं खर्चून केलेली माझी यादी बकरीने टाकली होती आणि माझ्या दोन पायांची यादी लोक वहीत उतरवून नेत होते. मला माझ्या पायांचाच हेवा वाटू लागला.

दुसऱ्या वर्षी मी सूड उगवायचं ठरवलं. एक इतका भिकार सिनेमा लागला की भुताचा टोप भिंतीच्या खिळ्याला अडकून लोंबत राहिला आणि भूत तसंच टकलं पुढे गेलं. त्या क्षणी मी दोन्ही पाय धाडकन वर घेतले, वर "अगं आई गं" म्हणून कण्हलोदेखील. ३१ डिसेंबरला धावत गेलो. सिनेमा यादीत कुठेच नव्हता.

"काय रे, मी पाय घेतले होते ना वर?"

"खोटं भेव दोनी पाय एकदम घेते जी," केवळराम अगदी मायेने म्हणाला. "खरं भेव एकेक घेते. तुमचा पयले डावा जाते."

हे हेमेंद्रने गावभर केलं. नंतर भर सिनेमात माझ्या मागच्या रांगेतून कुजबुज यायची, "बाबूजीचा डावा अजून खालीच आहे बे. वेळ आहे."

२००९ च्या मार्चमध्ये तिरोड्याला वीज कारखान्याच्या कामावर केवळरामला गेटवरची नोकरी लागली. जाताना त्याने पेटीची चावी माझ्या हातात ठेवली. "आता तुमीच लावा जी यादी." मी "बघू" म्हणालो आणि चावी इतकी घट्ट धरली की तळहातावर तिचे दात उमटले.

त्या वर्षी मी चौदा सिनेमे पाहिले. दाराशी कोणी नसायचं, नंदलालशेठनी नवा माणूस ठेवलाच नाही. डिसेंबरअखेर टाइपरायटरपुढे बसलो. दुसरा ते पाचवा नंबर पटकन ठरले. पहिला काही ठरेना. वहीत प्रकाशयोजना होती, पार्श्वसंगीत होतं, पण पेन्सिल कुठे थांबली ते पेन्सिलीने लिहिलेलं नव्हतं. शेवटी तिरोड्याला फोन लावला.

"केवळराम, यंदाचा पहिला कोणता असेल रे?"

"मी इथं ट्रकचे नंबर लिहून राहिलो जी," तो म्हणाला. "तुमचा पाय कुठून दिसंल मले?"

मी अंदाजाने एक नाव टाकलं, काच पुसली आणि यादी पेटीत लावली. संध्याकाळपर्यंत तिच्यासमोर दोन जण थांबले. त्यातल्या एकाने विचारलं, "केवळरामची कुठं आहे जी?"

अकरा जानेवारीला टॉकीज बंद झाली. आता तिथे टाइल्सचं दुकान आहे.