कोरीटचं रंगून हॉटेल

खाण्याच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. गिऱ्हाईक जेवून जातं, गोष्ट मागे राहते! आमच्या हॉटेलातल्या काही तर अशा, की भरदुपारी सांगितल्या तरी ऐकणारा एकदा मागे वळून बघतो.

हॉटेल माझ्या चुलत सासऱ्यांचं, नंदुरबारजवळ कोरीटला. आम्ही त्यांना काका म्हणायचो. तरुणपणी ते रंगूनच्या मोठ्या हॉटेलात आचारी होते. लढाईत बॉम्ब पडायला लागले तेव्हा जंगलातून चालत परतले. पन्नास सालानंतर गावात रस्त्याकडेला हॉटेल टाकलं. काका रांधायचे, काकू आणि मी मदतीला. मेनू काय? मॅकरोनी, चिनी शेवया, पुडिंग, आयरिश स्टू! तेही ज्वारीच्या मुलखात!

पहिल्याच दिवशी शेजारच्या सुपडूबाबांनी मॅकरोनीचा तुकडा डोळ्याला लावून आरपार बघितलं.

"या शेवया तं पोकळ शेतस! मधला जीव कोठे गया?"

सगळे पोट धरून हसले. काका तेवढे हसले नाहीत.

*

नंदुरबारचे एक मिरचीचे व्यापारी चिनी शेवयांसाठी मुद्दाम यायचे. एकदा काकू आणि मी लग्नाला गेलो होतो. काका एकटेच चुलीपाशी.

जेवून उठताना व्यापारी म्हणाले, "वाढपी चांगला ठेवलाय. आग्रह करून वाढतो. फक्त बोलत नाही."

आमच्याकडे वाढपी नव्हताच!

काकांनी विचारलं, "डाव्या हाताने वाढत होता?"

"हो! का?"

"मग बरोबर," काका म्हणाले, आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. रंगूनला त्यांना शेवया शिकवणारा चिनी उस्ताद डावखुरा होता. बॉम्बमध्ये गेला.

*

पुडिंगची मात्र बायकांना भारी हौस. एका दुपारी ते परातीत उपडं केलं आणि सगळ्या भोवती बसल्या. पुडिंग थरथरायला लागलं. थांबेचना! कोणी हात लावला नव्हता, वारा नव्हता. माझे सासरे म्हणाले, "रस्त्यावरून ट्रक गेला असेल." आम्ही बाहेर पाहिलं. रस्ता रिकामा.

एक म्हातारी हळूच म्हणाली, "हाई भ्यायेल शे."

त्या दिवशी पुडिंग कोणीच खाल्लं नाही.

*

नवापूरकडचे एक ख्रिस्ती मास्तर स्टू खायला थांबत. जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करायचे. एकदा ते एकटेच बसले होते. प्रार्थना संपवून त्यांनी "आमेन" म्हटलं.

आतून काकूंनी मला हाक मारली, "सूनबाई, कितला जण आमेन म्हनी ऱ्हायनात! पंगत मोठी दिसी ऱ्हायनी! आखो चार पाट मांड!"

मास्तरांनी ऐकलं. तेव्हापासून ते आमच्याकडे डोळे उघडे ठेवूनच प्रार्थना करत!

*

आणि हा शेवटचा.

रंगूनला घरोघरी माशाच्या रश्श्यात शेवया घालून खातात. काकांनी तो पदार्थ कोरीटला कधीच केला नाही. मागितला तरी "येत नाही" म्हणायचे. काकू त्यांची दुसरी बायको, म्हसावदची. नंदुरबारच्या पलीकडे त्या कधी गेल्या नव्हत्या. पहिल्या बायकोची एक लहान मुलगी काकांबरोबर जंगलातून चालत निघाली होती. ती वाटेतच तापाने गेली. हे त्यांनी फक्त माझ्या सासऱ्यांना सांगितलं होतं. काकूंना कधीच नाही. मलाही ते फार पुढे कळलं.

एका सकाळी काका बाजारातून आले आणि दारातच थबकले. घरभर त्या रश्श्याचा वास! काकू चुलीपाशी बसून ढवळत होत्या. एका छोट्या वाटीत रस्सा काढून त्या फुंकर घालू लागल्या.

काकांनी विचारलं, "ही वाटी कोणासाठी?"

"पोरले. तिले तिखट चालत नही."

"कोणती पोर?"

काकूंनी वर बघितलं, आश्चर्यानं.

"ही काय! तुमनं धोतर धरीसन उभी शे!"

काकांनी खाली पाहिलं नाही. नुसता हात खाली केला, बोट धरायला देतात तसा.