शनिवारचा आवाज

देवानंद होलेला मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा तो दिसत नव्हता. अमरावतीच्या भाजीबाजारात सकाळी सातच्या सुमाराला वांग्यांचा हर्रास चालू होता. गर्दीपलीकडे कोणीतरी भाव पुकारत होतं, आणि मला वाटलं, आमचे खासदारसाहेब दिल्लीहून आले ते थेट बाजारातच शिरले. तोच जड, छातीतून निघणारा आवाज, वाक्य संपताना नाकात किंचित घुटमळणारा. मी पुढे घुसलो. कॅरेटवर एक हाडकुळा, पन्नाशीला टेकलेला माणूस उभा होता. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता आणि तरी एकेक आकडा स्वच्छ ऐकू येत होता.

मी तेव्हा एका कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवायचो आणि उरलेल्या वेळात साहेबांच्या संपर्क कार्यालयात लिहायचं काम करायचो. साहेब राज्यसभेवर होते. पुढच्या वेळी त्यांना लोकांतून निवडून यायचं होतं. म्हणून दर शनिवारी सकाळी नऊ वाजता अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या हजारो फोनवर त्यांचा सहा मिनिटांचा निरोप जायचा. संसदेत या आठवड्यात काय झालं, कुठल्या देशाशी काय बोलणी चालली आहेत, त्याचा आपल्या कापसाशी आणि संत्र्याशी काय संबंध, असं सगळं त्यात असायचं. मजकूर माझा, आवाज साहेबांचा. पण साहेब दोनच शनिवार बोलले. दुसऱ्या वेळी 'सार्वभौमत्व' या शब्दावर तीनदा अडखळले आणि फोनवरच म्हणाले, हे माझ्याच्यानं होत नाही, कोणाकडूनही करून घ्या.

कार्यालय किशोर चालवायचा. चाळिशीचा, नेहमी इस्त्रीतला. त्यानं मला सांगितलं होतं, "आवाज पाहा मास्तर. चेहरा कोन पाहून राहिला?" आणि आवाज माझ्यासमोर कॅरेटवर उभा होता.

देवानंदची बडनेऱ्याच्या अलीकडे दोन एकरांची भाजीची वाडी होती. बायको शकुन आणि तो मिळून पालक, मेथी, वांगी पिकवायचे. पहाटे माल बाजारात आणायचा, आणि मग एका अडत्याकडे हर्रास पुकारायचं काम करायचा. मी विचारल्यावर तो हसला. "साहेबासारका बोलतो मी? माही बायको तं म्हनते, म्हशीसारका बोलतो." पण शुक्रवारी दुपारी कार्यालयात आला, इस्त्रीचा शर्ट घालून. मागच्या खोलीच्या खिडक्यांना आम्ही सतरंज्या बांधल्या होत्या. पंखा बंद ठेवावा लागायचा. तो घामाघूम व्हायचा, ओळीखाली बोट धरून वाचायचा.

त्याचं शिक्षण दहावीचं. पण अर्थ कळल्याशिवाय तो शब्द उच्चारायचा नाही.

"मास्तर, हे 'द्विपक्षीय' म्हंजे काय?"

"दोन देशांनी आपसात ठरवलेलं."

"मंग आपसात म्हना ना. शेकडो बाया मेथी निवडता निवडता आयकतात हे."

हळूहळू मी त्याच्यासाठीच लिहायला लागलो. त्याला समजेल ते सगळ्यांना समजायचं. अकोल्याहून, दर्यापूरहून, अगदी धारणीहूनही लोकांचे निरोप यायचे, साहेब बाकी आपल्या घरच्यासारखं सांगतात. देवानंद ते निरोप माझ्याकडून वाचून घ्यायचा. ही गोष्ट कोणाला सांगायची नाही असं किशोरनं त्याला देवाची शपथ घालून बजावलं होतं. त्यानं फक्त शकुनला सांगितलं. बाजारातले म्हणायचे, हा साहेबांसारखा बोलतो, आणि तेवढ्यावर सोडून द्यायचे. ती शनिवारी नऊला जुड्या बांधायचं थांबवून फोन मांडीवर घ्यायची. तिनं शनिवारचा एकेक निरोप फोनमध्ये जपून ठेवला होता.

दोन वर्षांत तो एकदाच अडला. सरकारनं बाहेरच्या कापसावरचं आयात शुल्क काढलं होतं, आणि वरून आलेल्या मुद्द्यांप्रमाणे मी लिहिलं होतं की याचा आपल्या शेतकऱ्याला काहीही तोटा होणार नाही. देवानंदनं कागद खाली ठेवला.

"हे खरं आहे काय, मास्तर?"

किशोर दारातून म्हणाला, "तुले वाचाचे पैसे भेटतात का इचाराचे?"

त्यानं वाचलं. आणि त्या हंगामात बाजारात हमालांपासून गाडीवाल्यांपर्यंत सगळे साहेबांच्या त्या वाक्याला शिव्या देत होते. कोणी कोणी नाकात घुटमळत नक्कलही करायचं. देवानंद त्यांच्यात उभा राहून ऐकायचा. नक्कल करणाऱ्यांना माहीत नव्हतं, की ज्याची नक्कल चालली आहे तो इथेच माल मोजतोय.

दिवाळीच्या आधी त्याचा आवाज बसला. आधी वाटलं, सर्दी. मग किशोर चिडायला लागला. "साहेब काहून म्हातारे वाटून राहिले? गरम पानी पेत जा ना बे." एका शुक्रवारी देवानंदनं रुमालात थुंकून रुमाल पटकन घडी केला. मी लाल डाग पाहिला. मीच त्याला डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासून, तुकडा काढून, आठ दिवसांनी सांगितलं, स्वरयंत्राचा कॅन्सर आहे, उद्याच्या उद्या नागपूरला जा, एक दिवससुद्धा घालवू नका.

नागपूरला लवकर खाट मिळावी म्हणून साहेबांचं पत्र हवं होतं. देवानंद आणि शकुन दोघं कार्यालयात आले. किशोर फार मायेनं बोलला. खुर्ची दिली, चहा मागवला.

"पत्राबिगर तिथं महिना महिना नंबर लागत नाही काकू. मी साहेबाची सही आनतो. तवरक देवानंदभाऊ, एवढं वाचून द्या."

एवढं म्हणजे चाळीस पानं होती. ती मी लिहिली होती. एक ते शंभर आकडे, जगातल्या सगळ्या देशांची नावं, सगळी जोडाक्षरं. सणांच्या शुभेच्छा, दुःखद निधनाची वाक्यं, आनंदाची वाक्यं, रागाची वाक्यं. एका कंपनीच्या यंत्राला ती मोजूनमापून वाचलेली हवी होती. त्यावरून आणि जुन्या निरोपांतल्या भरलेल्या आवाजावरून ते यंत्र कोणताही मजकूर देवानंदच्या आवाजात म्हणू शकणार होतं. मला हे माहीत होतं. देवानंदनं विचारलं, "हे कायच्यासाठी आहे मास्तर?" मी म्हणालो, "निवडणुकीची तयारी."

एका बैठकीत त्याच्यानं तीनचार पानांच्या वर होईना. दर दहा वाक्यांनी तो थांबायचा, कोमट पाणी घ्यायचा, डोळे मिटून गिळायचा. शकुन बाहेरच्या बाकावर बसून असायची. तीन आठवडे हे चाललं. आणि साहेबांच्या सहीचं पत्र दुसऱ्याच दिवशी आलेलं होतं. किशोरच्या टेबलावर, काचेच्या गोळ्याखाली ठेवलेलं मी रोज पाहत होतो. एकदा मी म्हणालो, "देऊन टाकू या का?" किशोरनं मान वर केली नाही. "तुमची कायम नोकरीची फाइल पन याच टेबलावर आहे मास्तर."

चाळिसावं पान संपलं, त्या संध्याकाळी किशोरनं पत्र दिलं. शकुननं त्याच्या पायांना हात लावला.

नागपूरच्या डॉक्टरांनी सगळं स्वरयंत्र काढलं. त्यांनी शकुनला विचारलं होतं, एवढे दिवस कुठे होतात, थोडं आधी आला असता तर कदाचित किरणांचा शेक देऊन आवाज राखता आला असता. ती म्हणाली, पत्र येत नव्हतं. हे तिनं मला फार नंतर सांगितलं, अगदी साधेपणानं, तक्रारीच्या सुरात नव्हे.

ऑपरेशननंतरच्या पहिल्याच शनिवारी, वॉर्डात, सकाळी नऊ वाजता शकुनचा फोन वाजला. सवयीनं तिनं तो लावला. कुठल्याशा देशाच्या पंतप्रधानांच्या भेटीबद्दल साहेब सांगत होते. आवाज देवानंदचा होता, आजारापूर्वीचा, भरलेला. खाटेवर देवानंदच्या गळ्याला भोक होतं आणि त्यात नळी. त्यानं हात गळ्याकडे नेला, चाचपून पाहिलं आणि मग शकुनकडे पाहिलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "मोठ्यानं लावा बाई. हे साहेब चांगलं बोलतात." तिनं मोठ्यानं लावला. तिला बंद करायचं सुचलंच नाही.

जानेवारीत तो घरी आला. हर्रासाचं काम गेलं होतंच. वाडीत बसून भाजी निवडायचा. नातवाची पाटी त्यानं बोलण्यासाठी घेतली. दर शनिवारी नऊला तो उठून विहिरीकडे निघून जायचा, पण शेजारच्या दोन्ही वाड्यांत फोन वाजत असायचे. आपल्याच आवाजातली वाक्यं, आपण कधी न वाचलेली. एका शनिवारी त्या आवाजानं सांगितलं, कापसाच्या भावाबद्दल विरोधक अफवा पसरवत आहेत.

सोमवारी तो कार्यालयात आला. साहेब त्या दिवशी अमरावतीत होते. दरबार भरला होता, साठसत्तर लोक होते. देवानंद रांगेत उभा राहिला. गळ्याला पंचा गुंडाळलेला, काखेत पाटी. त्याचा नंबर आला तेव्हा साहेबांनी मान वर केली. दोन वर्षं हा माणूस त्यांच्या नावानं बोलला होता. साहेबांनी त्याला कधीच पाहिलं नव्हतं.

"बोला, काय काम आहे?"

देवानंदनं पाटी पुढे धरली. साहेबांनी चष्मा शोधला. तेवढ्यात किशोरनं पाटी ओढून घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "माहा आवाज बंद करा." मग देवानंदच्या पंच्याकडे पाहून म्हणाला, "झाला ना काका बंद! आता अजून कितीक बंद करू?"

लोक हसले. का हसायचं ते बहुतेकांना कळलं नव्हतं, किशोर हसला म्हणून हसले. साहेबही हसले. देवानंदनं पाटी परत घेण्यासाठी हात पुढे केला. त्याच्या पंच्याखालून शिट्टीसारखा श्वास निघत होता. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पदर नाकाला लावला.

साहेबांनी विचारलं, "कोण आहे हे?"

"गळ्याचा कॅन्सर आहे साहेब. आपल्या पत्रावर ऑपरेशन झालं, धन्यवाद द्याले आला."

साहेब उठले, देवानंदच्या खांद्यावर हात ठेवला. फोटो निघाला. मी दारापाशी उभा होतो. देवानंदनं गर्दीत मला शोधलं. त्याची नजर माझ्यावर थांबली, तेव्हा मी हातातल्या कागदांत पाहायला लागलो.

संध्याकाळी किशोरनं मला शनिवारच्या मजकुरात एक परिच्छेद वाढवायला सांगितला. मी वाढवला. शनिवारी नऊ वाजता, परराष्ट्र धोरण संपल्यावर, देवानंदचा आवाज म्हणाला, "बडनेऱ्याजवळच्या देवानंद होले या गरीब भाजीवाल्याला वेळेत उपचार मिळवून देता आले, याचं मला समाधान आहे."

बाजारात त्याचं अभिनंदन झालं. जुन्या अडत्यानं पेढा दिला. साहेबानं तुझं नाव घेतलं, सगळ्या वऱ्हाडानं ऐकलं! देवानंदला पेढा गिळता येत नव्हता. घरी येऊन त्यानं पाटीवर लिहिलं, सगळे काढून टाक. शकुन नको नको म्हणाली. त्यानं फोन हातात घेतला आणि तिच्यासमोर एकेक करून दोन वर्षांचे निरोप पुसले. त्याला अख्खी दुपार लागली.

मार्चमध्ये माझी नोकरी कायम झाली. एप्रिलमध्ये दिल्लीच्या दुसऱ्या एका कंपनीनं साहेबांचा स्वतःचाच आवाज घासूनपुसून, दहा वर्षं तरुण करून दिला. तो फार सुंदर होता, कुठे घुटमळत नव्हता. यंत्रातला देवानंदचा आवाज किशोरनं त्याच दिवशी पुसला. मे महिन्यात गाठ पुन्हा आली, आता मानेच्या दुसऱ्या बाजूला. देवानंद अकरा दिवसांत गेला. मी मातीला गेलो नाही. परीक्षा चालू होत्या.

तेरवी झाल्यावर शकुन कॉलेजात आली, माझा विभाग विचारत विचारत. तिनं पिशवी खाली ठेवली, खुर्चीच्या कडेवर बसली.

"मास्तर, त्याइनं सगळं पुसलं. माह्यापाशी एकही नाही राहिला, शेजारीबी आयकून पुसून टाकतात. फोनवर तो नवा आवाज येते, तो त्यायचा नाही. किशोरभाऊ म्हनतात त्यायच्यापाशी नाही. तुमच्यापाशी असंन?"

माझ्याकडे होते. सगळेच होते, एकशे तीन शनिवार, शिवाय ती चाळीस पानं. त्यांच्या मध्येमध्ये त्याचं खाकरणं, पाणी मागणं, 'हे खरं आहे काय मास्तर' हेसुद्धा. पण ते बाहेर आले तर साहेबांचा आवाज कोणाचा होता ते जगाला कळलं असतं, आणि ते कोणी बाहेर काढले तेही.

"नाही," मी म्हणालो.

"शुभेच्छेचाही नाही? कोनताबी चालंन मले. परदेशाचा असला तरी चालंन."

"नाही हो. काहीच राहिलं नाही."

तिनं मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास होता. थोडा वेळ ती भिंतीवरचा नकाशा पाहत बसली. मग विचारलं, बडनेऱ्याचा ऑटो कॉलेजच्या याच बाजूला थांबतो की पलीकडे. मी म्हणालो, पलीकडे. ती उठली आणि पदर सारखा करत जिना उतरली.