माय-लेकीचे वण

कुहीच्या भीमाबाईच्या डाव्या खांद्यावर तांबूस, तुकतुकीत, गाठीगाठींचा वण होता. तरुणपणी खांदा दुखायचा म्हणून सासूने बिब्बा लावला. कातडी भाजली, जखम भरली, पण भरून झाल्यावरही वण वाढतच राहिला. गावातल्या एकाने तो वस्तऱ्याने कापून दिला, तर वर्षभरात दुपटीने मोठा होऊन परत आला. तेव्हापासून भीमाबाईच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती: वणाला पातं लावू द्यायचं नाही.

म्हणून चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात, शहरात धंतोलीच्या दवाखान्यात डॉक्टर अरुंधतीबाईंनी तिच्या लेकीच्या, शामलेच्या हाताचं ऑपरेशन करावं लागेल म्हटलं, तेव्हा भीमाबाई पोरीचा चांगला हात धरून उठली.

आदल्या वर्षी भाताची उकळती पेज शामलेच्या उजव्या कोपराच्या वळणात सांडली होती. हात दुमडला की कमी ठणकायचा, म्हणून भीमाबाईनेच तो लुगड्याच्या फडक्याने छातीशी बांधून ठेवला. जखम दुमडलेल्या हातातच भरली, आणि कोपर सरळ होईनासं झालं. आता विहिरीचा दोर ओढणं दूर, भरली बादलीही शामलेला धरता येत नव्हती.

“मले कापलं तं दुप्पट झालं,” भीमाबाई म्हणाली. “माह्या पोरीले पातं लावू देत नाही मी.”

डॉक्टरांनी तिचा खांदा बघायला मागितला. बिब्बा नेमका कुठे लावला होता, विचारलं. भीमाबाईने बोटाच्या पेराएवढी जागा दाखवली. वण तर तळहाताएवढा होता. डॉक्टर म्हणाल्या, जखम बुजवायला शरीर आतून धागे विणतं, आणि कधी गरजेपेक्षा जास्त विणतं. ते जखमेच्या हद्दीतच उंचावले तर बहुधा हळूहळू बसतात. हद्द ओलांडून चांगल्या कातडीवर गेले तर तो केलॉइड, तुमच्यासारखा; नुसता कापला तर उलटतो. शामलेचा वण हद्दीतच आहे, पण आकसून सांध्याला ओढतोय. तो सोडवायचा आणि तिथे मांडीची कातडी लावायची.

“पण रक्त तं माहंच हाये तिच्यात.”

डॉक्टरांनी ते नाकारलं नाही. काही घरांत ही खोड असते, म्हणाल्या. मग शामलेची बाही वर करून देवीच्या लसीचे वण पाहिले, कानाची भोकं पाहिली. सगळं सपाट होतं.

“खात्री देत नाही मी. पण हिची कातडी तुमच्या वळणावर गेलेली दिसत नाही.”

भीमाबाई त्या लसीच्या वणांवरून अंगठा फिरवत राहिली. मग विचारलं, हात सरळ राहील काय. डॉक्टर म्हणाल्या, निम्मं काम माझं. पुढे कित्येक महिने हात फळीवर सरळ बांधावा लागेल, रोज ताणावा लागेल. पोरगी रडेल. दया आली आणि सोडलात, तर पुन्हा आकसेल.

“रडू द्या. बांधीन मी.”

ऑपरेशन झालं. टाक्यांची कड जरा वर आली तेव्हा भीमाबाई रोज बोटाने तिची हद्द मापू लागली. पण कड होती तिथेच थांबली. रोज जेवणं आटोपली की ती फळी घेऊन बसे.

“कसाई हायेस वं माय तू,” शामला ओठ चावत म्हणायची.

“हाये तं हाये.”

आणि कोपर दाबून पट्टा आवळायची. कोपर आणि फळी यांच्यात अजून बोटभर पोकळी उरत होती. ती जाईस्तोवर भीमाबाई कोणाचं ऐकणार नव्हती.