शेळीचे वरचे दात

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा रोज तिच्या उशाशी बसायचे, तिलाही सांगितलं नाही. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. समोर बसलेल्या माणसाला सांगायची हिंमत माझ्यात कधीच नव्हती.

मी सोलापुरातल्या एका शाळेत नववीला मराठी शिकवते. दोन वर्षांपूर्वी शाळेने मला एका प्रशिक्षणाला पाठवलं. मोबाईलवर येणारे फोटो, व्हिडिओ खरे की एआयने बनवलेले, हे मुलांना ओळखायला कसं शिकवायचं, याचं. दोन दिवसांचं प्रशिक्षण, पण परत आले ती शाळेतली तज्ज्ञ होऊन. वर्गात तक्ता लावला. बोटं मोजा. सावली बघा. ओठ आणि आवाज जुळतात का बघा. आणि चौथं — तिथे कोण होतं, त्याला विचारा. मुलांना हा तास फार आवडायचा. मलाही. त्या तासाला मी जरा जास्तच ताठ चालायचे.

मग ती शेळी आली. कुठल्याशा ग्रुपवरचा फोटो — पुराच्या पाण्यातून पोहणारी शेळी, तोंडात धरलेलं करडू, खाली ‘आईची माया’. मी तो वर्गाच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, सत्य घटना. तपासला का? कशाला तपासू — माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्या आठवड्यात प्रदर्शन होतं. दोघी मुली शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलीत तक्ते करत थांबल्या होत्या. कोमल सांगोल्याकडची, घरी शेळ्यामेंढ्या, इथे मामाकडे राहून शिकणारी. दुसरी अश्विनी, रिक्षावाल्याची मुलगी. ती वडिलांच्या मोबाईलवर सगळ्या कामाचं शूटिंग करत होती. मी आत गेले तर ‘खोटे फोटो’ या मथळ्याखाली माझी शेळी चिकटवलेली. माझ्या त्या दोन शब्दांसकट.

हे काय, म्हणून विचारलं. कोमल अगदी साधेपणाने म्हणाली, “बाई, शेळीला वरच्या हिरडीला म्होरं दात नसत्यात की. हिला हायत. आन् शेळी पिल्लू तोंडात धरत न्हाय, मांजर धरतं.”

अश्विनी हसली. बस, एवढंच झालं होतं.

मी कोमलच्या कानाखाली ओढली. मग दुसरी. तिने चेहऱ्यासमोर हात धरले, त्याचाही राग आला. वेणी धरून तिचं डोकं टेबलावर आपटलं. पुन्हा आपटलं. टेबलाची कड लागून भुवई फुटली, रक्त गालावरून गणवेशावर आलं. ती खाली बसली तेव्हा मी तिला लाथ घातली — चौदा वर्षांच्या पोरीला, बरगडीत. भान हरपलं होतं, असं लिहायचं मी ठरवून बसले होते. पण कुठलं भान हरपलं होतं? लाथ घालण्याआधी मी दाराकडे बघितलं होतं, कोणी येत नाही ना म्हणून. आणि आणखी एक — मला बरं वाटत होतं. मारताना फार बरं वाटत होतं.

अश्विनीच्या हातातला मोबाईल चालूच होता.

कोमलला मीच दवाखान्यात नेलं, तीन टाके पडले. मामाला फोन केला की जिन्यावरून पडली. वाटेत तिला काय म्हटलं, तेही सांगते. म्हटलं, शाळा हवी आहे ना तुला? शाळा सुटली की परत मेंढरांमागे, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर होता. तिसऱ्या दिवशी हेडसरांनी पालकांना आणि दोघी मुलींना बोलावलं आणि भर सभेत मला म्हणाले, बाई, हा खरा की एआयने बनवलेला, यातलं आमच्यापैकी कोणाला काय कळतंय, तुम्हीच बघून सांगा. म्हणजे माझाच निवाडा माझ्याच हातात.

मी व्हिडिओ भिंतीवर लावला. हातात पट्टी घेतली. जिथे माझा हात वेगाने खाली येतो तिथे थांबवला — हात पुसट झाला होता, बोटं पाचाच्या जागी सहा-सात दिसत होती. बघा, म्हटलं, मोजा. सावली दाखवली. ओठ दाखवले. हात जोरात हलला की असंच दिसतं, चार ठिकाणांहून फिरून आलेला व्हिडिओ असाच खराब होतो, हे मला माहीत होतं. मीच शिकवलं होतं. पालक माना डोलवत होते. कोमलला विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “पडले मी.”

तेव्हा अश्विनी उठली. “बाई, चौथा मुद्दा ऱ्हायला की. तितं कोण होतं त्याला विचारा म्हणून तुमीच शिकवलंय. मी होते तितं.”

मी म्हटलं, “ही मोबाईलवर काय काय बनवते, मला माहीत आहे.”

तिच्या वडिलांनी पायातली चप्पल काढली. तोंडावर, पाठीवर, डोक्यावर. ती ओरडत होती, मी खरं बोलतेय, मी खरं बोलतेय, आणि प्रत्येक वेळी तो जास्त जोरात मारत होता. हात पिरगळला तेव्हा मनगटाचा आवाज मागच्या बाकापर्यंत आला. मोबाईल त्याने फरशीवर आपटून फोडला. मी पट्टी घेऊन तिथेच उभी होते. थांबवलं का? एक शब्द पुरला असता. शेवटी हेडसर मध्ये पडले. मग त्याने तिला माझ्या पायांवर घातलं, माफी माग म्हणाला. तिने मागितली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच हाताने. चांगला अभ्यास कर, म्हटलं.

पुढच्या सोमवारपासून अश्विनी शाळेत आली नाही. बापाने नाव काढलं. कोमल दहावी झाली. व्हरांड्यात दिसली की नमस्कार करायची, भुवईवरची खूण केसांनी झाकून.

त्या सभेनंतर माझं नाव झालं. आता मी इतर शाळांतल्या शिक्षकांना हेच शिकवायला जाते. उदाहरण म्हणून तोच व्हिडिओ दाखवते, कोमलचा चेहरा झाकून. सगळे बोटं मोजतात, वहीत लिहून घेतात. गेल्या महिन्यात एका तरुण शिक्षिकेने विचारलं, हा बनवला कोणी? मी म्हटलं, आमच्याच एका विद्यार्थिनीने.

तो व्हिडिओ कोणीही बनवलेला नाही. त्यातली बाई मी आहे. अश्विनी खरं बोलत होती.