इंग्रजी बोर्डावर काय होतं

वडाळ्याच्या पेट्रोल डेपोतल्या टँकर ड्रायव्हरांत इंग्रजी वाचता येणारा मी एकटाच होतो. आणि गिरगावातल्या आमच्या कारकुनी घराण्यात गाडी हाकणाराही एकटाच. दोन्हीकडे पत यथातथाच. पुढचं बायकोलाही ठाऊक नाही.

माझा क्लीनर माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, लालबागच्या चाळीतला मालवणी गडी. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला मॅट्रिक. जेवणाआधी आम्ही पेट्रोलने हात धुवायचो. साबण म्हणजे बायकी थेरं. पंपावर गाडी रिकामी केली तरी टाकीच्या तळाशी डबाभर माल राहायचाच. तो रबरी नळीने, तोंडाने ओढून काढायचा आणि घरी न्यायचा, हा क्लीनरचा हक्क. घोटभर पोटात गेलंच तर वर गुळाचा खडा. ‘गूळ खाल्लो की उतारता,’ दादा सांगायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे दिवस. त्याने ‘झालाच पाहिजे’ म्हटलं की पुढच्या रांगा दचकून मागे बघायच्या.

अशात साहेबाने फाटकाशी इंग्रजी बोर्ड लावला. मी वाचला: पेट्रोलने हात धुवू नका, नळी तोंडाने ओढू नका, वाफ हुंगू नका.

‘काय लिवलाहा रे, मॅट्रिक?’ दादाने विचारलं.

भोवती वीसेक जण जमलेले. ‘काय असणार? लवकर या, उशिरा जा!’

हशा झाला. हशा चढतो हो, पेट्रोलच्या वाफेपेक्षा लवकर. मी पिंपावर चढलो आणि ओरडलो, ‘आधी मराठीत लावा, मग वाचू!’ बोर्डही मीच उचकटला. आयुष्यातल्या पहिल्या टाळ्या. दादाने मला खांद्यावर घेतलं.

खाली उतरल्यावर सांगता आलं असतं. मराठीत तीन वाक्यं. पण मग विनोद मेला असता.

महिन्याभराने दादरच्या पंपावर नळी ओढताना दादाला ठसका लागला. गूळ दिला, तरी खोकतच राहिला. परळच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, पेट्रोल फुप्फुसात गेलंय. तुमचा गूळ तिथवर पोचत नाही. दोन महिन्यांनी तो परतला तो अर्धा होऊन. जिना चढताना तीनदा बसायचा. मोर्चात नुसते ओठ हलवायचा.

मग मराठी बोर्ड आला. हार घातला, नारळ फोडला; पालखी तेवढी काढली नाही. दादाने अक्षर लावत वाचलं, ‘नळी... तोंडाने... ओढू नये.’ थांबला. दम लागला असेल.

‘त्या इंग्रेजी बोर्डारपण ह्याच होता काय रे?’

‘छे,’ मी म्हणालो. ‘त्यात भलतंच होतं.’

‘मगे काढून टाकलंस ता बरा केलंस,’ तो म्हणाला, आणि नारळातला मोठा तुकडा त्याने माझ्या हातावर ठेवला.

मी तो खाल्ला. खोबरं गोड होतं.