मनीचं फोल्डर

पुलांचे नकाशे सांभाळणाऱ्या त्या कार्यालयात अक्कांची सत्तावीस वर्षं गेली. दर वर्षी प्रत्येक पुलाचं नवं फोल्डर काढायचं, म्हणजे एकशे चाळीस वेळा माउसचं उजवं बटण दाबायचं. मनगट धरलं तशा अक्का हट्टाला पेटल्या. महिनाभर खटपट करून त्यांनी शोधून काढलं: संगणकावर आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत एम, के, डी, आय, आर ही पाच अक्षरं, पुढे एकेक जागा सोडून सगळी नावं, आणि एन्टर. डोळ्याचं पातं लवायच्या आत फोल्डरांची रांग हजर. यादीच्या शेवटी त्या 'मनी' लिहीत. मनी म्हणजे त्यांची गेलेली मांजर. तिचं फोल्डर दिसलं की समजायचं, यादी पुरती गेली.

ही युक्ती त्यांनी एकाच माणसाला दाखवली. शेजारच्या टेबलावरची कारकून चिमणी, अकरा वर्षं त्यांच्या डब्यात जेवलेली, मनीसाठी खड्डा खणायला आलेली.

"पर्यवेक्षकाची जागा निघतेय. सोमवारी साहेबांना दाखवते," अक्का म्हणाल्या. चिमणीने सरावाला म्हणून बारा पुलांच्या नावांची चिठ्ठी मागून घेतली; सवयीने अक्कांनी तिच्याही शेवटी 'मनी' लिहिलं.

शुक्रवारीच साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. संगणकापुढे चिमणी बसलेली. "सर, हे मी बसवलंय." अक्का तिच्या मागेच उभ्या होत्या. पडद्यावर बारा पूल आले, आणि शेवटी मनी.

"हे मनी काय?" साहेबांनी विचारलं.

चिमणीने मागे वळून पाहिलं नाही. "काही नाही सर, चुकून पडलं," म्हणत तिने ते पुसून टाकलं.

अक्कांना जागेपेक्षा ते जास्त लागलं. युक्ती चोरलीस तर चोर बाई, पण मनी तुला माहीत नव्हती?

चिमणी पर्यवेक्षक झाली. वर्षाच्या पहिल्या दिवशी तिने पूर्ण यादी चालवली. चिठ्ठीतल्या बाराही पुलांची नावं एका शब्दाची होती. खऱ्या यादीत 'जुना नाका', 'लाल बंधारा' असलेही पूल होते. दोन शब्दांच्या नावाला अवतरणचिन्हं लागतात, हे अक्का सोमवारी सांगणार होत्या. आता जुना एकीकडे, नाका दुसरीकडे, निम्मे पूल मधोमध मोडलेले, आणि साहेब डोक्यावर उभे.

चिमणी हळूच अक्कांच्या टेबलाशी आली. "अक्का, काय चुकतंय? सांग ना गं."

"मनीला विचार," अक्का म्हणाल्या, आणि डबा उचलून एकट्याच जेवायला गेल्या.